जावईबापूंच्या पोटातले भाडेकरू

बाळांनो, क्षणभर डोळे मिटा आणि एक कल्पना करा. (डोळे मिटून वाचता येत नाही, हे माझ्या आत्ता लक्षात आलं. तेव्हा उघडेच ठेवा, पण मिटल्यासारखं करा.) कल्पना करा, की तुम्ही लहान होत चाललात. इतके लहान, की वाटाण्याचा दाणा तुम्हाला डोंगराएवढा दिसतो. नाही, अजून लहान व्हा. अजून! हं, आता बस्स.

आता तुम्ही एका लांबलचक, उबदार, काळोख्या बोळात राहता. बोळाला वळणं फार. खिडकी एकही नाही. शेजारी इतके, की मोजायला बसलात तर म्हातारे व्हाल. दिवसातून दोनचार वेळा वरून जेवण कोसळतं. काय येणार, ते कुणी आधी सांगत नाही. आलं ते गोड मानायचं आणि कामाला लागायचं.

हा बोळ म्हणजे माणसाचं आतडं, आणि तुम्ही म्हणजे तिथला एक सूक्ष्मजीव. असे कोट्यवधी जीव तुमच्या पोटात आहेत, माझ्याही आहेत. मी त्यांना भाडेकरू म्हणतो. आपण त्यांना जागा देतो, आणि आपल्याला जे पचत नाही ते पचवून ते भाडं भरतात.

तर माझ्या जावईबापूंच्या पोटातल्या या भाडेकरूंना मी शिस्त लावायचं ठरवलं. नुसतं ठरवलं नाही, एका रविवारी न्याहारीच्या टेबलावर सगळ्यांसमोर जाहीर केलं.

"जावईबापू, तुमचं पोट आत नेण्याची जबाबदारी माझी! तपासणीच्या दिवशी वजनकाट्याने तुम्हाला ओळखलं नाही पाहिजे! तसं झालं नाही, तर मी विज्ञानाचा शिक्षक म्हणून मिरवणार नाही!"

जावईबापूंनी हातातला पावाचा तुकडा खाली ठेवला. त्यांचे डोळे पाणावले होते. आता मला वाटतं, ते कृतज्ञतेने नसावेत.

आमच्या जावईबापूंची अडचण खरोखरच मोठी होती. ते अग्निशमन दलात आहेत. तिथं बंबावरची ती उंच शिडी असते ना, सरसर सरसर वर जाणारी? तिच्या टोकावर चढणारा माणूस म्हणजे आमचे जावईबापू. हे काम त्यांना जिवापाड आवडतं. एरवी घरात चार शब्द न बोलणारा माणूस, पण शिडीचा विषय निघाला की थांबत नाही. "मामा, वरून सगळं गाव कसं टेबलावर मांडल्यासारखं दिसतं!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की ते टेबल मला पुसूनही घेता येईल.

पण शिडीला एक नियम असतो. टोकावरच्या माणसाचं वजन ठरलेल्या आकड्याच्या वर गेलं, की शिडी सुटली. मग टेलिफोनच्या खोलीत बसायचं आणि दुसऱ्यांना सांगायचं, कुठं आग लागलीय ते. जावईबापूंचं वजन त्या आकड्याच्या वर गेलं होतं. साहेबांनी बजावलं होतं, "पुढच्या तपासणीत काटा खाली आला पाहिजे. नाहीतर टेलिफोन!" तोवर शिडी बंद. हातात दिलं होतं गॅसगळती शोधायचं यंत्र. दलातले लोक त्याला ‘हुंग्या’ म्हणतात. गॅस असला, की ते टिकटिकतं. गॅस जितका जास्त, टिकटिक तितकी घाईची.

"मामा, मी अर्धं जेवतो हो," जावईबापू रडकुंडीला येऊन म्हणायचे. "हवा खाल्ली तरी माझ्या अंगाला लागते!"

माझी लेक शिवणकाम करते. आमच्या तळमजल्यावरच्या घराची बाहेरची खोली म्हणजे तिचं दुकान: शिवणयंत्र, उंच आरसा आणि मापं घ्यायला पडदा लावलेला कोपरा. नवऱ्याच्या गणवेशाची कंबर तिनं इतक्यांदा सैल केली होती, की आत आता सैल करायला कापडच उरलं नव्हतं.

"अप्पा, अजून एक इंच वाढला ना, तर मी याला पडद्याचं कापड लावणार," ती म्हणाली. "फुलाफुलांचं."

आणि चौथी, माझी नात. तिला आम्ही भिंगू म्हणतो, कारण ती भिंग घेतल्याशिवाय जगाकडे बघतच नाही. माझी सगळ्यात आवडती विद्यार्थिनी. त्या रविवारी वर्तमानपत्राचं विज्ञानाचं पान तिनंच मोठ्यानं वाचून दाखवलं होतं, आणि माझी सगळी योजना त्यातून निघाली होती.

"‘पोटातल्या सूक्ष्मजीवांचा आपल्या वजनाशी कदाचित संबंध असावा,’" ती वाचत होती. "‘भरपूर चोथा असलेलं अन्न मिळालं, तर हे जीव जी द्रव्यं तयार करतात, ती कदाचित भूक आणि साखर यांना वळण लावतात. तसंच प्लास्टिकच्या डब्यांतून गरम अन्नात उतरणारी काही रसायनं शरीराच्या चरबी साठवण्याच्या कामात कदाचित लुडबूड करतात. बरेचसे प्रयोग अजून उंदरांवरच...’ आजोबा, यात ‘कदाचित’ तीनदा आलंय."

"ते शोभेला घालतात गं. केकवर चेरी असते ना, तसं."

"मी चेरीच आधी खाते," भिंगू म्हणाली.

मी तिकडे दुर्लक्ष केलं. माझ्या डोक्यात योजना धडाधड उभी राहत होती! भाडेकरूंना चोथा हवा? देऊ! घेवड्याचे दाणे, कांदा, लसूण, कोबी, जव. सकाळ, दुपार, संध्याकाळ! रसायनं नकोत? प्लास्टिकचे सगळे डबे घराबाहेर! सुगंधी साबण, फरशी पुसायचं निळं पाणी, न्हाणीघरातला तो फुसफुस सुगंधी फवारा, सगळं बाहेर! आणि रस्त्यावरच्या गाड्यांचा धूर? त्यातही रसायनं! खिडक्या बंद! सगळ्या! कड्या लावून!

"सगळं एकदम?" भिंगूनं विचारलं.

"एकदम! शत्रूवर चारी बाजूंनी हल्ला करायचा असतो."

"पण आजोबा, तुम्हीच शिकवलंत ना, प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची? नाहीतर कशामुळे काय झालं, ते कसं कळणार?"

"तो प्रयोग. हा उपाय आहे," मी म्हणालो.

हे उत्तर मला त्या वेळी फार चतुर वाटलं होतं.

सोमवारपासून घराचं रूप पालटलं. प्लास्टिकचे डबे रिकामे करता करता मी लेकीच्या दुकानापर्यंत पोचलो. तिची बटणंही प्लास्टिकच्या डब्यांत होती. अन्नाशी त्यांचा काही संबंध नव्हता, हे खरं. पण एकदा हात चालायला लागला, की थांबवत नाही. मी सगळं काचेच्या बरण्यांत भरलं आणि बरण्या फळीवर ओळीनं मांडल्या. दिसायला फार सुरेख दिसत होतं. तपकिरी घेवडा, पांढरा घेवडा, तपकिरी बटणं, जव.

दुसऱ्या दिवशी दुपारी जावईबापू जेवता जेवता थांबले. त्यांनी जबडा एकदा डावीकडे नेला, एकदा उजवीकडे.

"मामा, दाणे जरा कच्चे राहिलेत."

"चावा नीट! चोथा आहे तो! भाडेकरूंना कामाला लावायचंय आपल्याला!"

बिचारे आज्ञाधारक. चावत राहिले. कपाळावरची शीर उभी राहिली. शेवटी त्यांनी बोटं तोंडात घातली आणि एक दाणा बाहेर काढून ताटाच्या कडेला ठेवला. भिंगूनं लगेच भिंग लावलं.

"आजोबा, याला चार भोकं आहेत."

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून लेकीचा आवाज आला, "अप्पा, कोटाची तपकिरी बटणं कुणी घेतली?"

आणखी काही बटणं भांड्याच्या तळाशी सापडली. एक मात्र सापडलं नाही. जावईबापू म्हणाले, "एक दाणा मी तसाच गिळला बहुतेक." पुढे त्या कोटाला एक बटण वेगळ्या रंगाचं लागलं आणि गिऱ्हाइकाला ती नवी फॅशन वाटली, म्हणून आम्ही सुटलो.

पण खरा गोंधळ बटणांनी केला नाही. तो केला भाडेकरूंनी.

हे नीट समजून घ्या हं. कुणाच्या घरात वर्षानुवर्षं शांतपणे राहणारी मंडळी असावीत, आणि अचानक एके दिवशी त्यांच्यापुढे लग्नाच्या पंगतीएवढं जेवण येऊन पडावं! ते काय करतील? आनंदानं तुटून पडतील. आणि चोथ्यावर तुटून पडताना हे जीव वायू तयार करतात. थोडं जेवण, थोडा वायू. डोंगराएवढं जेवण...

बुधवारी जावईबापूंचं पोट आत जायचं सोडून बाहेर आलं. ढोलासारखं! आणि ढोल म्हटला की तो वाजणारच. आधी अधूनमधून, लाजतबुजत. मग जरा धीटपणे. गुरुवारपर्यंत अशी वेळ आली, की ते खोलीत आले, की आम्ही काहीतरी काम काढून दुसऱ्या खोलीत जायचो. आणि मी स्वतःच्या हातानं सुगंधी फवारा फेकून दिलेला! आणि खिडक्या बंद! सगळ्या! कड्या लावून!

"अप्पा, एक खिडकी उघडू दे," लेक नाकाला शिवणाचं कापड लावून म्हणाली. "फक्त एक!"

"धूर येईल," मी तोंडानं श्वास घेत म्हणालो. "उपाय अर्धवट सोडायचा नसतो."

"मघाशी मापं द्यायला आलेली बाई श्वास रोखूनच उभी होती! सगळी मापं आत ओढलेल्या पोटाची आलीत! आता तिनं तो कोट श्वास न घेता घालायचा का?"

जावईबापू मात्र एका शब्दानं तक्रार करत नव्हते. "शिडीसाठी, मामा," म्हणायचे, आणि पुढचा वाडगा तोंडाला लावायचे. हे बघून मला भरून यायचं. पोटातसुद्धा.

शुक्रवार उजाडला. तपासणी शनिवारी होती. जावईबापूंनी सकाळी लसूण घातलेलं दाण्यांचं दोन वाडगे सूप घेतलं, वर कोबी खाल्ला, बूट घालायला बाहेरच्या खोलीत वाकले, बराच वेळ वाकूनच राहिले आणि मग घाईघाईनं कामावर निघून गेले.

थोड्याच वेळात लेकीची एक गिऱ्हाईक आली. दारातून आत पाऊल टाकलं मात्र, ती जागच्या जागी थिजली.

"अगं! गॅस! तुमच्याकडे गॅस गळतोय!"

मी आतून धावत आलो. एक खोल श्वास घेतला. डोळ्यांतून पाणी आलं, पण माझ्यातला शिक्षक जागा झाला.

"बरोबर!" मी म्हणालो. "हा गंधकाचा वास आहे! नळानं जो गॅस येतो, त्याला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात गंधकयुक्त घाण वास मुद्दाम मिसळतात! हा तोच! कुणी काडी पेटवू नका! बटणं दाबू नका! सगळे बाहेर! अग्निशमन दलाला बोलवा!"

बघा, माझं प्रत्येक वाक्य बरोबर होतं. पुस्तकात तपासून बघा. सगळी वाक्यं बरोबर असून माणूस किती चुकू शकतो, याचा मला त्या दिवशी शोध लागला.

लेकीनं बाहेर जाऊन फोन केला. भोंगा वाजवत बंब आला. पुढे साहेब, चाक धरून मिशीवाले ड्रायव्हर, आणि मागून हातात हुंग्या घेऊन उतरले, अर्थातच, आमचे जावईबापू!

"माझंच घर?" त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "भिंगू कुठाय?"

"मी इथं आहे, बाबा!" भिंगू पदपथावरून ओरडली.

मग त्यांना हायसं वाटलं. जड गणवेश, डोक्यावर टोप, पाठीवर हवेची टाकी अशा थाटात ते आत गेले. नियमाप्रमाणे आधी गॅसची मुख्य तोटी बंद केली, खिडक्या उघडल्या. मग हुंग्या शेगडीजवळ धरला. गप्प! नळीजवळ धरला. गप्प! "वर काही नाही, साहेब!" म्हणून ओट्याखाली बघायला खाली वाकले.

टिक. टिक. टिकटिकटिकटिकटिक!

"साहेब! गळती खाली आहे!"

ते टेबलाखाली वाकले. टिकटिकटिक! शिवणयंत्राखाली वाकले. टिकटिकटिक! कपाटामागे वाकले, तेव्हा तर हुंग्या असा किंचाळला, की बाहेरच्या कुत्र्यानं उत्तर दिलं.

"साहेब, घरभर आहे!"

"जिन्यात बघ!" साहेब ओरडले.

जावईबापू जिना चढले. जड गणवेशात भराभर पायऱ्या चढायच्या म्हणजे पोटावर ताण येतो. पहिला मजला: टिकटिकटिक! दुसरा मजला: टिकटिकटिक! तिसरा मजला, तोच प्रकार!

"साहेब!" वरून घाबराघुबरा आवाज आला. "अख्खी इमारत गळतेय!"

साहेबांचंही धाबं दणाणलं. "इमारत रिकामी करा!"

आणि मग आमची इमारत रस्त्यावर उतरली. पहिल्या मजल्यावरची दातांची डॉक्टर हातात चिमटा घेऊन उतरली, आणि तिच्यामागून तिचा रोगी, तोंडात कापसाचे बोळे, गळ्यात फडकं. त्याला काहीतरी विचारायचं होतं, पण ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ अर्धी दाढी फेसात ठेवून आले. त्यांच्या बायकोनं माशांची काचपेटी उचलून आणली होती. वाटेत पाणी सांडत होतं आणि मासे चकित होऊन रस्ता बघत होते.

राहिल्या तिसऱ्या मजल्यावरच्या ताई. प्रकृतीनं भक्कम, आणि त्यांचे गुडघे कायमचे संपावर. जावईबापूंनी त्यांना खांद्यावर घेतलं आणि जिना उतरायला लागले. ओझं जड. ताण मोठा. कमरेला लटकवलेला हुंग्या अखंड किंचाळत होता.

"अरे मुला," ताई मधल्या जिन्यावर क्षीण आवाजात म्हणाल्या, "मला गॅसच्या हवाली कर, पण आत्ताच्या आत्ता खाली ठेव."

खाली मिशीवाले ड्रायव्हर डोकं खाजवत होते. "साहेब, हा गॅस हवेपेक्षा हलका. जाऊन जाऊन वर छताला जायला पाहिजे. मग हा प्रत्येक मजल्यावर नेमका याच्या कमरेशी कसा सापडतो?"

मला राहवेना. रस्त्यावर एवढी मंडळी जमलेली, सगळी घाबरलेली, आणि अज्ञानात! मी पदपथाच्या पायरीवर चढलो आणि तिथंच तास घेतला.

"घाबरू नका! हा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन! त्याला वास नसतो! वास येतो तो गंधकाचा!"

भिंगूनं हात वर केला. माझ्या तासाला हात वर केल्याशिवाय बोलायचं नाही, हा नियम आहे.

"आजोबा, लसणात पण गंधक असतं ना? आणि कोबीत?"

"असतं. नंतर विचार."

"आणि काही लोकांच्या पोटातले भाडेकरू पण मिथेन करतात ना? तुम्हीच सांगितलंत रविवारी."

"हो गं बाई, करतात! आत्ता मध्ये बोलू नकोस, मी शिकवतोय!"

वाक्य आधी तोंडातून बाहेर पडलं, आणि मग ते मला ऐकू आलं.

मी पायरीवरून खाली उतरलो. आता काय करावं, याचा विचार करायला मला शांत जागा हवी होती. पण भिंगूला विचार करायची गरजच नव्हती. ती सरळ साहेबांसमोर जाऊन उभी राहिली आणि तिनं पुन्हा हात वर केला.

"बोल बाळ," साहेब घाम पुसत म्हणाले.

"साहेब, एकच गोष्ट बदलून बघायची का?"

"कुठली?"

"हुंग्या ड्रायव्हरकाकांकडे द्या. आणि बाबांना इथंच राहू द्या. बाकी सगळं तसंच."

साहेबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा जावईबापूंकडे. मग यंत्र ड्रायव्हरांच्या हाती दिलं. ड्रायव्हर आमच्या घरात गेले. ओट्याखाली वाकले, टेबलाखाली वाकले, कपाटामागे वाकले. शांतता! जिना चढून तिसऱ्या मजल्यापर्यंत गेले. शांतता! खाली रस्त्यावर आम्ही सगळे कान टवकारून उभे. काचपेटीतले मासेसुद्धा स्तब्ध.

ड्रायव्हर परत आले, यंत्र उलटसुलट करून बघत. "बिघडलंय वाटतं, साहेब." असं म्हणत ते जावईबापूंच्या मागून निघाले, आणि...

टिक. टिकटिक. टिकटिकटिकटिकटिक!

ड्रायव्हर थांबले. एक पाऊल मागे गेले. टिक... टिक... पुन्हा एक पाऊल पुढे. टिकटिकटिकटिक! त्यांनी हे तीनदा करून पाहिलं. पक्का माणूस! मला तो मनापासून आवडला.

जावईबापूंचा चेहरा बंबापेक्षा लाल झाला होता.

"सकाळी काय खाल्लं होतंस?" साहेबांनी अगदी हळू आवाजात विचारलं.

जावईबापू सरळ ताठ उभे राहिले. खोटं बोलणं त्यांच्या रक्तातच नाही. "मामांनी दिलं ते, साहेब!"

सगळी इमारत माझ्याकडे वळली. अर्धी दाढी, कापसाचे बोळे, चिमटा, मासे, सगळे. मी समोरच्या भिंतीवरची एक भेग बारकाईनं बघायला लागलो. भिंगूनं प्रेमानं मला तिचं भिंग दिलं.

"मी विहिरीत पडलेली माणसं काढलीत," साहेब म्हणाले. "जळत्या घरातून मांजरं काढलीत. पण स्वतःचाच पाठलाग करत तीन मजले चढणारा जवान मी आजवर पाहिला नव्हता!"

लेक तोंडावर पदर धरून वळली. तिचे खांदे हलत होते. आधी मला वाटलं, ती रडतेय. मग तिला आवरेना, आणि ती भर रस्त्यात पोट धरून खाली बसली. मग ताई हसल्या, दातांची डॉक्टर हसली, आणि तो रोगी तर असा हसला, की एक बोळा उडून काचपेटीत पडला.

जावईबापू तेवढे हसले नाहीत. ते बंबाकडे बघत होते, त्या घडी घातलेल्या शिडीकडे. उद्या तपासणी होती, आणि त्यांची शिडी मी माझ्या हातानं दाण्यांच्या वाडग्यात बुडवली होती.

शनिवारी मी त्यांच्याबरोबर गेलो. भिंगूही आली. जावईबापू काट्यावर चढले. काट्यानं त्यांना लगेच ओळखलं. वजन जिथल्या तिथं! उलट किंचित वरच, पण ते बटणाचं असू शकेल.

दलाच्या डॉक्टरबाईंनी मला समोरच्या खुर्चीत बसवलं. मला! "आजोबा, चोथा चांगलाच. पण थोडा थोडा वाढवायचा, वर भरपूर पाणी. पोटातल्या जिवांना सवय लागायला वेळ लागतो, आणि प्रत्येकाच्या पोटातले वेगळे. गरम जेवण प्लास्टिकमध्ये नको, हेही शहाणपणाचं. पण त्यानं वजन उतरेलच, असं आज कुणी छातीठोक सांगू शकत नाही. यांची रात्रपाळी आहे, झोप अपुरी, केंद्रावर दर फेरीनंतर गोड सरबत. पोट एका कारणानं सुटत नाही."

"म्हणजे ‘कदाचित’," भिंगू म्हणाली.

"अगदी बरोबर!" डॉक्टरबाई म्हणाल्या. "हा शब्द कुणी शिकवला तुला?"

भिंगूनं माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्या मनानं काहीच सांगितलं नाही.

मग डॉक्टरबाईंनी साहेबांकडे पाहिलं. टेलिफोनची खोली शेजारीच होती. तिच्यातली घंटा वाजत होती. जावईबापूंनी मान खाली घातली.

साहेब घसा खाकरून म्हणाले, "नियम म्हणजे नियम. पण काल हा पठ्ठ्या पूर्ण गणवेशात तीन मजले चढला, ताईंना खांद्यावर घेऊन उतरला, आणि उभा राहिला तेव्हा धाप लागली नव्हती. त्या ताईंना मीही उचलून पाहिलंय, मागं एकदा. मला दोन दिवस कंबर धरून बसावं लागलं होतं. याला मुदत द्या, डॉक्टर. तोवर शिडी याचीच. फक्त हुंग्या याच्यापासून लांब ठेवा. यंत्र महाग आहे."

जावईबापूंना मुदत मिळाली. पुढे काय झालं, ते थोडक्यात सांगतो. दाणे मूठभर आले आणि हळूहळू वाढले. सरबताच्या जागी पाणी आलं. झोपेची वेळ ठरली. काचेच्या बरण्या राहिल्या, बटणं प्लास्टिकच्या डब्यांत परत गेली. मुदतीनंतरच्या तपासणीत काटा आकड्याच्या खाली आला, अगदी केसभर, पण खाली! लेकीनं गणवेशाची कंबर पहिल्यांदा आत घेतली. जावईबापूंनी शिडीवरून आम्हाला हात केला, आणि आम्हीही त्या टेबलावर मांडलेल्या गावात होतो.

त्या संध्याकाळी सगळे जेवायला बसले होते. मी पाण्याचा घोट घेतला, घसा साफ केला आणि म्हणालो, "शेवटी माझं म्हणणं खरं ठरलं की नाही?"

"कुठलं, अप्पा?" लेकीनं विचारलं. "दाण्यांचं, डब्यांचं, की खिडक्यांचं? का सरबताचं? का झोपेचं? सगळंच तर बदललं."

"ते... कदाचित सगळ्यांचंच," मी म्हणालो. भिंगू गालात हसली. चला, तेवढं तरी मी शिकलो होतो. विज्ञानाचा शिक्षक म्हणून मिरवायला अजून हरकत नव्हती.

आणि माझा धीर परत आला.

"तर मंडळी," मी हात चोळत म्हणालो, "माझ्या डोक्यात एक नवीन योजना आहे!"

जावईबापूंचा घास हातातच राहिला. लेकीनं कपाळाला हात लावला.

भिंगू मात्र शांतपणे उठली आणि एकेक करून तिनं घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या.